दोन्हीकडे काज

मामाजी, परवा तुमची तेरवी झाली आणि आज सकाळी मी दुकानाचं शटर उचललं. तुमच्या लेकीने, शोभाताईंनी, फोनवर हटकलंच. इतक्या लवकर कशाला, लोक काय म्हणतील? मी म्हटलं, लोकांचे ब्लाऊज अडकलेत, ते काय म्हणतील तेही मलाच ऐकावं लागणार आहे. तुम्ही असता तर चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं असतं आणि गिऱ्हाइकाला ऐकू जाईल असं म्हणाला असता, "अकोल्याचं ऊन अन् अकोल्याची सून, दोघायपासून लांब राहावं बापा." सतरा वर्षं हे ऐकून माझे कान किटले होते. आज कोणी म्हटलं नाही, तर बराच वेळ मशीनवर बसवेना.

टेबल पुसलं. तुमची मोठी कात्री होती तिथेच ठेवली. तिला तुमच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही, हा दुकानाचा नियम अजून कोणी मोडलेला नाही. आणि टेबलामागच्या खुंटीवर तो पांढरा शर्ट अजून टांगलेला आहे. आपलं भांडण जिथे राहिलं, तिथेच तो आहे.

शर्ट आपल्या प्रणवचा. तुम्ही हे नाव कधी तोंडातून काढलं नाही, म्हणून मी मुद्दाम घेते आहे. चौदा वर्षांपूर्वी नर्सने मुलगी झाल्याचं सांगितलं तेव्हा तुम्ही अंबागेटपर्यंत जिलेबी वाटत गेला होतात. घरात पहिली नात आली म्हणून पाळण्याचं अस्तर स्वतः शिवलंत. बारशाला ठेवलेलं ते नाव मी इथे लिहीत नाही. त्याला ते नको आहे, आणि ज्याचं नाव आहे त्याचं ऐकायचं, एवढं मला आता कळतं. कळायला वेळ लागला, ते कबूल करते.

पाचवीतला तो दिवस आठवतो? तेव्हा शाळेत मुला-मुलींना एकच गणवेश होता, पांढरा शर्ट आणि राखाडी पँट. कापून तुम्ही दिला, तुमच्या मुलाने, दिनेशने, मशीन मारली, काज-बटण मी केलं. आपल्या घरात कामाची वाटणीच तशी. दोन दिवसांनी लेकरू दुकानात आलं, हातात स्वतःचा शर्ट आणि वर्गातल्या एका मुलाचा मागून आणलेला. दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी पसरले.

"आबाजी, माह्या शर्टाची पट्टी उलटी आहे."

पुरुषांच्या शर्टाला काज डावीकडे आणि बटणं उजवीकडे, बायकांच्या शर्टाला नेमकं उलट. घालणाऱ्यांपैकी शंभरात दोघांनाही हे माहीत नसतं. तुमच्या हाताने सवयीने लेडीज पट्टी काढली होती, दिनेशने ती तशीच शिवली, मी त्याच बाजूला सात काज केले. तीन शिंपी एका घरात, आणि एकालाही काही खटकलं नाही.

"उलटी नाई, पोरीची आहे," तुम्ही म्हणालात. "कोणाले दिसते ते?"

"मले दिसते."

तुम्ही माझ्याकडे पाहिलं, मी तुमच्याकडे. मी हसण्यावारी नेलं. शाळेत जा, उशीर होतो, म्हणून पिटाळलं. तो अख्खं वर्ष तो शर्ट घालून गेला आणि पुन्हा एक शब्द बोलला नाही. मामाजी, माझ्या हातून झालेल्या चुका मी मोजत बसत नाही, नाहीतर दिवस पुरणार नाही. पण ते सात काज मला अजून डोळ्यांपुढे दिसतात.

सातवीच्या उन्हाळ्यात त्याने सांगितलं. मी ओट्याशी भाकरी थापत होते. "आई, मी पोरगी नाई. मी पोरगा आहे. मले प्रणव म्हणत जा." माझं पहिलं उत्तर काय होतं, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. मी म्हटलं, "आधी जेवून घे." आई म्हणून मी फार थोर वगैरे नाही.

मग मी त्याला घेऊन अकोल्याला गेले, माझ्या मावसबहिणीकडे. ती वकील आहे, पण आधी ती आम्हाला मनाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर प्रणवशी चार-पाच वेळा एकट्याने बोलले आणि मला म्हणाले, घाई करू नका आणि नाकारूही नका. दोन्ही एकदम कसं करायचं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. परतीच्या एसटीत मूर्तिजापूर येईपर्यंत मी रडले आणि तिथून पुढे तुम्हाला काय सांगायचं ते जुळवत आले. सगळं जुळवलेलं वाया गेलं. तुम्ही खडूने कापडावर रेघ मारत ऐकलंत आणि म्हणालात, "लेकरायच्या डोक्यात रोज नवं येते. तू लहानपणी नटी होणार होती म्हणे." मी रागाने दोन दिवस तुमच्या चहात साखर घातली नाही. तुम्ही तसाच प्यायलात, तेही तुमच्यासारखंच.

पण आठवीत शाळेने मुलींना सलवार-कमीज केली आणि प्रणव शाळेत जाईनासा झाला, तेव्हा पालकसभेला माझ्याआधी तुम्ही तयार होऊन बसला होतात, टोपी घालून. त्या सभेत एक बाप उठला आणि म्हणाला, असली थेरं शाळेत नकोत, आमच्या मुलींनी बाथरूमला कुठं जायचं? प्रश्न अगदीच वावगा होता असं मी म्हणणार नाही, त्यालाही मुलगी आहे. पण 'थेरं' म्हणताना तो हसला, आणि त्याच्याबरोबर चार जण हसले. प्रणव बाहेर व्हरांड्यात उभा होता. त्याला ऐकू आलं.

तुम्ही उठलात. "साहेब, चाळीस वर्षं झाले मी या शाळेचे कपडे शिवून राह्यलो. तुमचंबी माप माह्या वहीत आहे. पहिलीत तुमाले हप्त्यात तीनदा चड्डी बदला लागे. तुमच्या बापानं माह्याकडून दोन जास्तीच्या शिवून नेल्या होत्या. तवा तुमाले कोणी शाळेतून काढलं नाई. लेकरू शिकाले येते. त्याच्या कपड्याचं मी पाहून घेतो."

सगळी सभा हसली, तो बापसुद्धा. मोठ्या बाई म्हणाल्या, याबद्दल मला वरून कोणी नियम लिहून दिलेला नाही, तोपर्यंत शर्ट-पँट चालेल आणि बाथरूम शिक्षकांचं वापरायचं. दुसऱ्या दिवशी प्रणव दप्तर घेऊन निघाला तेव्हा तुम्ही दुकानाच्या पायरीवर उभे राहून तो वळेपर्यंत पाहत होतात. ते एक वर्ष त्याचं वाचलं ते तुमच्यामुळे. हे मी तुम्हाला तोंडावर कधी म्हटलं नाही. आपल्या घरात आभार मानायची पद्धतच नाही, भांडायची आहे.

आणि भांडलो आपण पोटभर. बाहेर तुम्ही प्रणवच्या बाजूने आणि घरात माझ्या विरुद्ध. तुमचं म्हणणं एकच, कपडे काय वाटेल ते घालू दे, पण कागदाला हात लावू नको. "कागदावर लिहिणं म्हणजे कापणं आहे, सूनबाई. एकदा कात्री चालली का मंग जोड लावला तरी दिसतेच." शाळेच्या प्रत्येक पँटीत तुम्ही दोन बोटं कापड आत दाबून ठेवायचात. लेकरू वाढतं, पुढच्या वर्षी उसवून मोठी करता आली पाहिजे. तुमचं सगळं शहाणपण त्या दोन बोटांत होतं. पेपर हातात घेऊन तुम्ही मला वाचून दाखवायचात, परदेशात कुठल्या कोर्टाने थांबा म्हटलं, आपल्याकडे कायद्यात काय फिरवाफिरव चालली आहे. "आज एक सांगतात, उद्या एक. तू कोणाच्या भरोशावर लेकराचं नाव लिहून राह्यली?"

मी म्हणायचे, "अन् कापलंच नाई तर लेकरू घालीन काय? तागा गुंडाळून जाईन शाळेत?"

तुमचं सगळंच चुकत होतं असं नाही, आता बोलायला हरकत नाही. कायद्याचं तर मलाही नीट कळत नव्हतं. बहिणीने समजावलं की आपण कोण हे माणसाने स्वतः सांगायचं, असं मोठ्या कोर्टाने केव्हाच म्हटलं आहे. पण लेकरू अठराच्या आतलं असलं की सगळं आई-बापाच्या सहीपाशी येऊन थांबतं, आणि पुढे ज्या कचेरीत जाल तिथे वेगळं ऐकू येतं. म्हणून तिने सोपी वाट सांगितली. नाव आधी. नाव कोणालाही बदलता येतं. शाळेत अर्ज द्यायचा, राजपत्रात छापून आणायचं, मग शाळेच्या रजिस्टरमध्ये घ्यायचं, पण दहावीचा फॉर्म भरायच्या आत. एकदा दहावीच्या प्रमाणपत्रावर जुनं नाव छापलं की कॉलेज, नोकरी, बँक, जिथे जाईल तिथे ते आधी पोहोचणार आणि प्रत्येक खिडकीवर त्याने नव्याने खुलासा करायचा. मुलगा की मुलगी हा रकाना तूर्त आहे तसा राहू द्यायचा. तो अठराचा झाला की स्वतः ठरवेल, स्वतः जाईल. औषधं, ऑपरेशन, ज्याची भीती शोभाताईंना झोपू देत नव्हती, त्यातलं काहीच आत्ता कोणी मागितलेलं नव्हतं. आत्ता फक्त नाव.

अर्ज मी भरून ठेवला. माझी सही केली. दिनेशची राहिली. तुमचा मुलगा कसा आहे ते मी तुम्हाला काय सांगू? तुमच्या हातात ती मोठी कात्री असली की त्याचा आवाज बंद. "बाबा हो म्हणू दे, मंग करतो," एवढं एकच वाक्य त्याने आठ महिने वापरलं. मोठ्या बाई दर महिन्याला निरोप पाठवायच्या, नववी संपायच्या आत कागद आणा. प्रणव विचारायचा नाही. फक्त शाळेतून घरी यायचा तेव्हाचा चेहरा मला पाठ झाला होता. वर्गातली पोरं 'प्रणव' म्हणतात, आणि रजिस्टर उघडलं की जुनं नाव. वर्गात रोज सकाळी एकदा मान खाली.

मग या जूनमध्ये तुम्ही तो शर्ट शिवलात. मला न सांगता, काजसुद्धा स्वतः केलेत, मोतीबिंदूच्या डोळ्यांनी. टाके वाकडेतिकडे. आणि काज एका बाजूला नाही, दोन्ही पट्ट्यांवर! सात इकडे, सात तिकडे. बटणं वेगळी, चौकटीच्या कापडाच्या पुरचुंडीत, लग्नातल्या कुडत्याला लावतात तशी काढता-घालता येणारी.

प्रणव बघतच राहिला. "आबाजी, हे काय, माहं लग्न आहे का?"

"जिकून पाह्यजे तिकून लाव," तुम्ही म्हणालात. "आज डाव्या, उद्या उजव्या. कोणी इचारणार नाई."

तो हसला, तुम्हीही हसलात. मी मात्र भडकले. तुम्हाला एक बाजू धरवत नाही म्हणून लेकराच्या छातीवर चौदा भोकं पाडलीत, असं मी सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हटलं. तुम्ही शर्ट घडी न करता खुंटीला टांगलात. प्रणवने तो शाळेत कधी घातला नाही. आज त्या वाकड्या टाक्यांवरून बोट फिरवलं तेव्हा कळलं, एका काजाला तुम्हाला किती वेळ लागला असेल. बारीक नजरेचं ते काम तुम्ही पंधरा वर्षांपूर्वीच माझ्याकडे सोपवलं होतं.

आणि मग ती सकाळ. मी पुन्हा अर्ज काढला, पुन्हा तेच. मी म्हटलं, "तुमच्याच्यानं होत नसन तर नका करू मामाजी, पण मधातून बाजूला व्हा." तुम्ही कॉलर दाबत होतात. इस्त्री उभी ठेवलीत, माझ्याकडे पाहिलंत, काहीतरी बोलायला तोंड उघडलंत आणि तेवढ्यात एक बाई फॉल-पिको विचारत आली. दुपारी तुम्हाला दवाखान्यात न्यावं लागलं. तिथे चार दिवस मी तुमच्या उशाशी होते, पण ते अर्धं वाक्य मागायची हिंमत माझ्यात नव्हती. तुम्ही काय बोलणार होतात? शिव्या देणार असाल तरी चाललं असतं. त्या बाईचा फॉल मी अजून लावलेला नाही.

तुमच्या इच्छेप्रमाणे दहावा कौंडण्यपूरला केला, वर्धेच्या काठावर, तुमचं गाव तिथून जवळ म्हणून. थंडी होती. न्हावी बसला होता आणि घरातले पुरुष एकेक करून पुढे होत होते. आधी दिनेश. मग शोभाताईंची दोन्ही मुलं रांगेला लागली. आणि त्यांच्या मागे, कोणाला न विचारता, प्रणव जाऊन बसला. शर्ट काढायचा नव्हता त्याला, कॉलर तेवढी आत दुमडून घेतली.

शोभाताईंनी पाहिलं आणि ओरडल्याच. "अवो, पोरीचं डोस्कं भादरतेत काय कुठी? दिनेश, काहून चूप बसला? बाबायले चाललं असतं काय हे?"

न्हाव्याचा वस्तरा थांबला. गुरुजी नदीकडे पाहायला लागले. मी पुढे सरले, बोलायला तोंडात शब्द तयार होते, तुम्हाला माझी सवय माहीतच आहे. पण माझ्याआधी दिनेश बोलला. त्याचं निम्मं डोकं झालेलं, निम्म्यावर साबण.

"बाबायले चाललं असतं का नाई, मले माहीत नाई ताई. आमी कोणी इचारलंच नाई त्यायले नीट." मग तो न्हाव्याकडे वळला. "नातू आहे त्यायचा. प्रणव नाव आहे. करा तुमी."

इतक्या वर्षांत तुमच्या मुलाचा इतका मोठा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. प्रणव खाली मान घालून बसला आणि ती खाली घातलेली मान मला पहिल्यांदा बरी वाटली. केस पडत होते. मला रडू आलं, तुमच्यासाठी आणि त्याच्यासाठी, कोणासाठी किती ते सांगता येणार नाही. शोभाताई तोंड फिरवून उभ्या होत्या. त्यांचं मन वळलं वगैरे काही नाही, अजूनही त्या माझ्याशी धड बोलत नाहीत. पण नदीवरून वारा आला तेव्हा त्यांनीच येऊन त्याच्या ओल्या डोक्यावर आपला पदर टाकला. "वारं लागन," म्हणाल्या, "आधीच सर्दीचं आहे हे."

घरी आल्यावर दिनेशने चहासुद्धा घेतला नाही. "कागद काढ," म्हणाला. तुमच्याच टेबलावर सही केली. दाबून केली, खालच्या कागदावर उमटली.

त्यानंतर मी तुमची मापाची वही काढली. खोटं का बोलू, मी शोधत होते. मला वाटत होतं, कुठेतरी तुम्ही 'प्रणव' लिहून ठेवलं असेल आणि आपलं भांडण मी जिंकले असेन. नाही सापडलं. जूनचं माप आहे, तिरप्या अक्षरात, आणि वर जुनंच नाव. शेवटपर्यंत अडलात तुम्ही! फक्त एक. तुमच्या वहीत पुढून जेन्ट्सची मापं असतात आणि मागून लेडीजची. ते माप पुढच्या पानांवर आहे. मी आधी मनाला समजावलं की मागची पानं संपली असतील. मग उलटून पाहिलं. मागे अकरा पानं कोरी आहेत.

यावर मी काही अर्थ लावत बसणार नाही. तुम्ही कबूल झाला होतात असं कोणाला सांगणारही नाही, कारण तुम्ही झाला नव्हतात. तुम्ही नसताना तुमच्या तोंडी 'हो' घालणं मला जमायचं नाही. काही लोक म्हणतात, वर्षश्राद्ध होईपर्यंत नव्या गोष्टी नकोत. मी त्यांना सांगितलं, शाळा वर्षश्राद्धासाठी थांबत नाही. तुमची ती दोन बोटं मात्र मी ठेवली आहेत, मामाजी. मुलगा की मुलगी हा रकाना आहे तसा सोडलाय, त्याच्यासाठी. पुढे त्याला जे उसवावंसं वाटेल, जे जोडावंसं वाटेल, त्याला आत कापड आहे. पण आज घालायला एक नाव हवं, अंगाला नीट बसणारं. ते मी शिवणार. यात आता तुमचंही ऐकणार नाही.

दुपारी तो अर्जासाठी फोटो काढून आला. फोटोवाला म्हणत होता, केस येऊ दे, मग ये. हा म्हणाला, असाच काढा. गोटा डोकं, मोठे कान, तुमचे कान. मग त्याने खुंटीवरचा शर्ट काढला. "आई, उद्या हाच घालतो. बटणं पक्की करून दे." कुठल्या बाजूला ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

डाव्या पट्टीचे काज तसेच ठेवले. उजव्या पट्टीवर, तुमच्या प्रत्येक काजाच्या तोंडावर, एकेक बटण टाकलं. काज बुजवले नाहीत. बटणांखाली ते तसेच आहेत, तुमच्या वाकड्या टाक्यांसकट. सातवं बटण झालं, गाठ मारली आणि सवयीने दोरा दातांत धरला. तुम्ही नेहमी ओरडायचात त्यावरून. म्हणून सोडला, हात लांब केला, तुमची मोठी कात्री उचलली आणि दोरा कापला.

उद्या अकरा वाजता आम्ही तिघं अर्ज घेऊन शाळेत जातो आहोत.